द्यायचा पेन

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. गोष्ट म्हणण्यासारखं त्यात खरं तर काही नाही, बायकोला सांगितली तर ती म्हणाली "बरं, मग?" आणि त्या मग-ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईच्या एफडीचं रिन्यूअल होतं म्हणून बँकेत गेलो होतो. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनर लोकांचा महिना, हयातीच्या दाखल्याचा, त्यामुळे बँकेत पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे स्वेटर, कानटोप्या, कापडी पिशव्या, त्या पिशव्यांतून निघणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यातून शेवटी एकदाचं निघणारं पासबुक. हल्ली अंगठा लावून ते काम मशीनवर होतं, पण म्हाताऱ्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, मशीन चार-चार वेळा नाही म्हणतं, मग परत कागदाचा फॉर्म आणि सही. तर असे एक आजोबा, ऐंशीच्या आसपासचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, उभ्याने लिहायची ती फळी असते ना तिथे माझ्या शेजारी आले आणि म्हणाले, "पेन आहे का हो तुमच्याकडे?" फळीला बँकेचा पेन होता, म्हणजे दोरी होती, पेन नव्हता.

माझ्या खिशाला दोन पेन असतात. एक माझा आणि एक द्यायचा. "घ्या ना काका" म्हणेपर्यंत हात आपोआप द्यायच्या पेनाकडे गेलेला होता, विचार वगैरे काही नाही, गिअर टाकताना पाय क्लचवर जातो तसा. हा द्यायचा पेन कुठल्याशा व्हेंडरने दिवाळीला डायरीबरोबर दिलेला, जाडजूड, चकचकीत, वरचं नाव अर्धं पुसलेलं. आजोबांनी नाव लिहिलं, पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनचा नंबर, लिहिला, पेन मधेमधे दम खात होता पण चालला. सहीच्या वेळी मात्र अर्ध्यात बसला. त्यांनी दाबून पाहिलं, कागदावर नुसती खाच पडली, अक्षर आहे पण शाई नाही अशी. परत त्याच खाचेतून गिरवलं. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या खिशाकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. मी मोबाईल काढून त्यात काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं बघायला लागलो.

थोड्या वेळाने काउंटरवरून ऐकू आलं, "काका, सही जुळत नाहीये रेकॉर्डशी." आणि मग आजोबांचा आवाज, चिडका नाही, गोंधळलेला, "तीच आहे हो, इतकी वर्षं हीच करतोय." तेवढ्यात माझा टोकन नंबर लागला आणि मी दुसऱ्या टोकाच्या काउंटरला गेलो. काम उरकून आलो तर पेन फळीवर ठेवलेला होता, नीट, टोक आतल्या बाजूला करून, कुणाला लागू नये असा. आजोबा नव्हते.

घरी येऊन पहिलं काम काय केलं तर तो पेन रफ कागदावर चालवून बघितला. दोन ओळी लोण्यासारखा चालला.

आता हे कुणाला कळणार नाही पण क्वालिटीतल्या माणसाला कळेल. मी पुण्याजवळ भोसरीला एका मशिनिंगच्या, म्हणजे धातू कापून पार्ट बनवणाऱ्या, कंपनीत क्वालिटीला आहे, १९ वर्षं झाली, आणि आमच्यात सगळ्यात वाईट डिफेक्ट तो, जो कधी येतो कधी येत नाही. सरळ फुटका जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, असेल तर लाल टॅग लावा, विषय संपला. पण शंभरात दोनदा येणारा, तोही तुम्ही बघत नसताना येणारा, तो सॅम्पलमध्ये सापडत नाही आणि कस्टमरकडे बरोब्बर सापडतो. तिसऱ्या ओळीला पेन एकदा अडखळला, मग परत सुरळीत. म्हणजे त्या दिवशी अडखळला तो पेन होता की आजोबांचा हात, हे मला आता कधीही सिद्ध करता येणार नाही. आणि मला सिद्ध करायचं होतं. हात असेल तर मी सुटलो.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्या दुसऱ्या पेनात, सोन्याचा होता का. दहा रुपयांचा होता. पांढरी दांडी, निळं टोपण, रेनॉल्ड्स ०४५. हसू नका. इथपर्यंत यायला मला वीसेक वर्षं लागली आहेत, आणि मधे मी काय काय वापरलंय त्याची यादी केली तर तेवढ्या पैशात बायकोच्या म्हणण्याप्रमाणे एक मिक्सर आला असता. कामाला लागलो तेव्हा जेल पेनवर होतो, कॉलेजची सवय, गुळगुळीत, गडद, अक्षर एकदम सुंदर दिसायचं. शॉपवर पहिल्याच आठवड्यात कळलं की जेल म्हणजे पाणी, आणि आमच्याकडे हाताला, जॉबला, टेबलाला, सगळ्याला कुलंट, म्हणजे कापताना टूल थंड ठेवायला सोडतात ते पाणी. तासाभराच्या रीडिंगचा कागद ओल्या अंगठ्याने उचलला की बोअरच्या, म्हणजे जॉबमधल्या भोकाच्या, मापांचा निळा ओघळ. वर ऑडिटच्या दृष्टीने व्हाइटनर बंद, खाडाखोड बंद, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. ओघळाला कुठे रेघ मारणार? मग पायलट व्ही-फाइव्ह घेतला, तेव्हा माझ्या पगाराच्या मानाने ती चैनच, सुईसारखं टोक, आकडे असे यायचे की जणू छापलेत. पण डिस्पॅचला तीन कॉप्यांचं चलन कार्बन घालून लिहायचं, आणि त्या पेनाला दाब दिला की टोक रुसतं, नाही दिला तर पिवळ्या कॉपीवर काही नाही आणि गुलाबीवर त्याहून काही नाही.

टोकाची जाडी हा तर वेगळाच विषय आहे, त्यावर मी बोलायला लागलो की घरचे उठून जातात. आमच्या रिपोर्टचे चौकोन एवढे एवढे, त्यात पाच-पाच आकडे बसवायचे. वीस एमएमचं बोअर, एच-सेव्हन, म्हणजे मापात चालणारी सूट खाली शून्य आणि वर एकवीस मायक्रॉन, मिलिमीटरचे एकवीस हजारांश. २०.०२० ओके, २०.०२६ रिजेक्ट. आम्ही लिहितो इंग्रजी आकड्यात, आणि इंग्रजी शून्य नि इंग्रजी सहा यात फरक काय तर एक शेपटी. जाड टोकाच्या पेनाने, घाईत, मशीनला टेकून धरलेल्या पॅडवर ती शेपटी शाईत बुडाली की रिजेक्ट माल ओके होऊन गाडीत चढतो. अगदी असंच आमच्याकडे एकदा झालेलं आहे, जास्त सांगत नाही, पण तेव्हापासून मी नवीन पेन बघताना दुकानात आकडे लिहून बघतो.

दुकान पुण्यात अप्पा बळवंत चौकातलं, गल्लीत आत. जूनमध्ये तिकडे जाऊ नये, शाळांच्या याद्या घेऊन आलेल्या आयांच्या गर्दीत माणूस चेंगरतो, पण एरवी सकाळी अकराच्या सुमाराला गेलं तर शांत असतं, नव्या वह्यांचा आणि खोक्यांच्या पुठ्ठ्याचा वास, ट्यूबलाइट दिवसाही चालू. काउंटरवर एक रफ पॅड असतो पेन चालवून बघायला. तो पॅड मला वाचायला आवडतो. निम्म्या लोकांनी श्री लिहिलेलं असतं. कुणी लफ्फेदार सही ठोकलेली, कुणी नुसते गोल गोल स्प्रिंगसारखे, लहान मुलांची नावं, एकदा कुणीतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात "पाऊस" असं लिहिलं होतं, नुसतंच. आणि त्या सगळ्यात माझे आकडे, शून्य सहा आठ, शून्य सहा आठ, मटक्यासारखे. दुकानदारांनी एकदा ते पाहिलं आणि विचारलं, "आकडेच लिहिणार का मराठी पण लिहिणार?" म्हटलं दोन्ही, का? तर म्हणाले, "मराठीला जरा धरून चालणारा पेन लागतो. फार पळणारा घेऊ नका." तेव्हा मला ते दुकानदारी वाटलं. घरी येऊन दोन्ही पेनांनी एक पानभर लिहून पाहिलं आणि पटलं. इंग्रजीत हात एकाच दिशेला जातो. आपण शब्द लिहून झाला की परत मागे येतो, वर रेघ मारायला, आणि जेलची शाई तोवर ओलीच असते, तळहाताची कड खालच्या उकारांवरून फिरते. शिवाय काना, वेलांटी, मात्रा, आपलं काम थांबण्याचं आणि वळण्याचं, पळणारा पेन वेलांटीला पुढे निघून जातो.

तर सगळं फिरून बॉलपेन. आणि बॉलपेनात फिरून तोच, जो आठवीत दप्तरात होता.

आठवीच्या आधी मात्र शाईपेन. पाचवीत पेन्सिल सुटून शाईपेन मिळायचा आणि ती एक प्रकारची मुंजच होती. रविवारी संध्याकाळी बाबा पेपर अंथरून बसायचे, कॅमलची रॉयल ब्लूची बाटली, ड्रॉपर, जुन्या बनियनचा तुकडा, आधी त्यांचा पेन मग माझा. त्या शाईचा वास मला अजून आठवतो, जरासा औषधासारखा, दवाखान्यातल्या कापसाच्या जवळ जाणारा. पेन गळला की पांढऱ्या शर्टावर खिशाखाली निळा नकाशा, मग त्यावर खडू घासायचा, त्याने डाग जातो असा समज होता, जात नसे, फक्त फिका आणि मोठा होई. बाबा कचेरीत कारकून, त्यांच्याकडे सोनेरी टोपणाचा चायनीज हिरो होता आणि तो कुणालाही मिळायचा नाही. मला नाही, आईला नाही, एकदा आमच्या मामाने सोसायटीच्या कागदावर सही करायला मागितला तर बाबांनी उठून आतून दुसरा पेन आणून दिला. मामाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी बँकेत त्या आजोबांच्या चेहऱ्यावर परत पाहिलं असं मला आता वाटतं, पण हे कदाचित मागाहून जोडलेलं असेल.

बाबांकडे कारण होतं पण. निब. "निब हाताला बसते" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की मला ती निब एखाद्या पाळलेल्या पोपटासारखी वाटायची, जी एकाच माणसाच्या हातावर बसते. आणि ते खोटं नव्हतं. प्रत्येकाचा पेन धरायचा कोन वेगळा, कागदावर घासून घासून निबेचं टोक त्या कोनात झिजतं, तिसऱ्याच्या हातात गेली की खरखरते, वर त्याने दाबून लिहिलं तर दोन्ही पाती फाकतात आणि मग ब्लेड घालून कितीही सरळ करा, ती आधीची राहत नाही. म्हणजे पेन न देण्यात कंजूषपणा नव्हता, टेक्निकल मुद्दा होता.

माझ्याकडे तो मुद्दाच नाही. बॉल सगळ्यांसाठी सारखाच फिरतो.

हे तर मी डोळ्यांनी बघितलंय. या पेनाच्या दांडीवर इंग्रजीत फाइन कार्ब्युर असं छापलेलं असतं, शाळेत आम्ही ते ज्याला जसं जमेल तसं वाचायचो, अर्थ कुणालाच माहीत नव्हता, कुणीतरी सांगितलं होतं की ते मालकाचं नाव आहे. पुढे कामाला लागल्यावर लेथवर कार्बाइडचे इन्सर्ट बघितले, ते सोनेरी कोटिंगवाले छोटे तुकडे, जे पोलाद लोण्यासारखं सोलतात, आणि एक दिवस चहा पिताना डोक्यात उजेड पडला की कार्ब्युर म्हणजे फ्रेंचमधलं कार्बाइड. टंगस्टन कार्बाइड. ज्याने आम्ही स्टील कापतो तेच माझ्या खिशातल्या पेनाच्या टोकाला गोळी होऊन बसलंय. मग काय, तिसऱ्या शिफ्टला, कुणी नाही असं बघून, पेनाचं टोक प्रोफाइल प्रोजेक्टरखाली धरलं. त्या मशीनमध्ये वस्तूची सावली पडद्यावर मोठी होऊन दिसते, थ्रेडचा कोन वगैरे तपासायला वापरतो आम्ही. तिथे ते टोक दिसलं, एवढं थोरलं, पितळेच्या ओठांत धरलेला गोळा, अर्ध्याहून जास्त आत, वर जरासा बाहेर डोकावणारा, आणि कडेला शाईचा एक थेंब लोंबकळत होता, पडद्यावर तो लिंबाएवढा दिसत होता. ओठ जास्त आवळले तर गोळा फिरणार नाही, कमी आवळले तर शाई गळणार. मधली जागा मायक्रॉनमध्ये. हे असं काम आमच्याकडे बाबापुता करून, महागाचे गेज लावून, ऑडिट देऊन करतात लोक, आणि हा पेन दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेटच्या जागी देतो.

बिरोबद्दल मी फार उशिरा वाचलं. लास्लो बिरो, हंगेरीतला पत्रकार, त्याने बघितलं की वर्तमानपत्राची शाई चटकन वाळते, हाताला लागत नाही, आणि शाईपेनाची मात्र पसरते. मग तसली घट्ट शाई पेनात घालावी म्हटलं तर ती निबेतून उतरेना, म्हणून टोकाला गोळी. १९३८ साली पेटंट. मला यातलं आवडतं ते हे, की आधी शाई सुचली आणि गोळी तिच्यासाठी करावी लागली. घट्ट आणि तेलकट असल्यामुळेच ती आमच्या कुलंटला पुरून उरते, पाण्याचं बोट फिरवलं तरी आकडा जागचा हलत नाही. अर्थात खोड्या तिलाही आहेत. गोळीला फिरायला कागदाचं घर्षण लागतं, कागदावर ग्रीसचं बोट लागलेलं असेल तर ती नुसती घसरते. भिंतीला लावून वर तोंड करून लिहिलं तर थोड्या वेळात शाई मागे राहते. मग आपले उपाय, रिफिल काढून दोन तळहातांत फिरवायची, मागून तोंडाने फुंकायची, काडेपेटीची काडी लावायची, आणि ब्रह्मास्त्र म्हणजे चपलेच्या रबरी तळव्यावर घासायचं. आमच्याकडे सेफ्टी शूज आल्यापासून हा उपाय फक्त घरी करता येतो.

आणि एवढं सगळं कळत असून मी तो देत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मेसेज फिरायला लागले की ०४५ बंद होतोय. कंपनीने लगेच खुलासा केला की तसं काही नाही, पण तोवर मी हाफ डे टाकून अप्पा बळवंत चौकात पोचलो होतो. दोन बॉक्स घेतले. दुकानदार म्हणाले, "तुम्ही पाचवे." मला एकदम बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, आणखी चार जण माझ्यासारखे आहेत याचं बरं आणि त्यांनी किती बॉक्स नेले असतील याचं वाईट. म्हणजे कपाटात हे असे दोन बॉक्स आहेत, पुढची कित्येक वर्षं पुरतील, आणि बँकेत शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला मी दिवाळीचा फुकट पेन दिला.

बाहेरून विचार केला तर वेडेपणाच आहे, पण आतून मला माझी बाजू पण कळते. शॉपवर पेन म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. ऑपरेटर मागतो, सेटर मागतो, गाडीचा ड्रायव्हर गेटपासवर सही करायला मागतो, आणि पेन एकदा गेला की तो परत येत नाही, आलाच तर टोपण चावलेलं, क्लिप तुटलेली, ग्रीसने माखलेला. आमच्या स्टोअर्सला एक मामा होते, आता रिटायर झाले, त्यांचा नियम होता की पेन द्यायचा पण टोपण आपल्या मुठीत ठेवायचं. "उघडा पेन कोण नेतोय खिशाला लावून? शर्ट खराब होतो." त्यांच्या हातात दिवसभर टोपण असायचं, बोलताना ते अंगठ्याने फिरवत बसायचे, आणि समोरच्याचं लिहून होईपर्यंत त्यांची नजर काही पेनावरून हटायची नाही. म्हणजे देऊनही दिलेला नसायचा. मी त्यांच्यापुढची पायरी गाठली, दोन पेन ठेवायला लागलो. तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं. चांगलं वागल्याचं समाधानही मिळतं आणि आपला पेनही जागेवर राहतो.

बाबांना मी बँकेतलं सगळं सांगितलं. म्हटलं हा माणूस आयुष्यभर हिरो जपत आला, याला समजेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "निळा होता का काळा?" निळा म्हटल्यावर मान हलवली. मग म्हणाले, "सही बदलली असेल त्यांची. माझी नाही का बदलली." मला हे माहीतच नव्हतं. त्यांचीही जुळली नव्हती म्हणे दोन वर्षांपूर्वी, बँकेने नवीन नमुना घेतला, तीन वेळा करून दाखवायला लावली. मी म्हटलं दाखवा बघू. त्यांनी समोर पडलेला पेन उचलला, माझ्या मुलीचा, जांभळा, आत चमकी असलेला, आणि दुधाच्या कॅलेंडरमागे सही केली. पहिलं अक्षर तेच जुनं, ऐटबाज, शेवटची रेघ मात्र ठरलेल्या जागी न जाता जिन्यावरून उतरल्यासारखी खाली खाली गेलेली. त्यांना पेनाचं काही वाटलंच नाही. ज्या माणसाने सख्ख्या मेहुण्याला पेन दिला नाही तो चमकीच्या पेनाने सही करून खुशाल चहा मागत होता. हिरो कुठेय विचारलं तर म्हणाले असेल कुठेतरी, आईला विचार.

बरं वाटलं का? वाटलं थोडं. सही बदलते, सगळ्यांचीच बदलते, त्या आजोबांचीही बदलली असणार, चांगला पेन दिला असता तरी जुळली नसती. पण ते खिशाकडे बघणं राहतंच. ते काउंटरवर सही न जुळल्यावर बघितलेलं नाही, त्याच्या आधी बघितलेलं आहे. त्या क्षणी त्यांना दोन पेन दिसत होते आणि आपल्याला कुठला मिळालाय हे कळत होतं. पेन्शनर माणूस, आयुष्य बहुतेक टेबलामागे गेलेलं, समोरच्याला कुठला पेन पुढे करायचा आणि कुठला नाही हे त्यांनी स्वतःही कधी ना कधी केलं असेलच. म्हणूनच बोलले नाहीत की काय, कोण जाणे.

यानंतर दोनेक महिन्यांनी सिटी पोस्टात गेलो होतो, स्पीड पोस्ट करायला. तीच उभ्याने लिहायची फळी, डिंकाची वाळलेली बाटली, आणि एक मुलगी, असेल वीस-बावीसची, पाकिटं चार-पाच, फोन कानाशी आणि खांद्यात दाबलेला, मला खुणेनेच पेन मागितला. हात सवयीने गेला द्यायच्या पेनाकडे, आणि तो तिथे नव्हताच, तो मी बँकेच्या त्या दिवसानंतर ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता आणि नवीन ठेवला नव्हता. ठरवून वगैरे नाही, राहून गेलं होतं. मग दिला आपला. टोपण काढून, टोपण मुठीत. ती लिहीत होती आणि मी स्टोअर्समधल्या मामांसारखा उभा, नजर पेनावर. दाबून लिहीत होती. पिनकोडला तर फार दाबून. पेन छान चालत होता, एकदाही अडखळला नाही, आणि मला त्याचा उगाच अभिमान वाटत होता. तेवढ्यात माझं पाकीट वजनाला घेतलं, मी काउंटरकडे वळलो, सुट्टे काढले, पावती घेतली, त्यावरचा पिनकोड तपासला, आणि मागे बघतो तर फळी रिकामी. बाहेर येऊन लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंना पाहिलं. तिचा दोष नाही, फोन चालूच होता, गेली असेल पेन हातातच घेऊन. उघडाच. पर्समध्ये टाकला असेल तर डाग पडला असणार.

टोपण घरी आणलं. ड्रॉवरमध्ये टाकताना तिथला दिवाळीचा पेन दिसला, सहज एक श्री काढून पाहिलं, व्यवस्थित आलं. बॉक्समधून नवीन काढून खिशाला लावला. आता तो एकटाच असतो. टोपण मात्र जास्तीचं झालंय, फेकवत नाही, या मॉडेलच्या कुठल्याही पेनाला बसतं.